"आजी, तू गप्प बस, टॅबमधली ताई बोलतेय"

पंचवटीतून एका आजींचं पत्र आलं आहे. मुलगा अंबडच्या कंपनीत, सून बँकेत, साडेतीन वर्षांची नात दिवसभर आजीपाशी. सुनेने टॅबलेटवर अक्षरं, आकडे, रंग शिकवणारी ॲप्स टाकून दिली आहेत. "सकाळी, जेवताना, परत दुपारी, असे अडीच-तीन तास होतात. काढून घेतला की फरशीवर लोळण. परवा चिऊकाऊची गोष्ट सांगायला बसले तर म्हणाली, आजी, तू गप्प बस, टॅबमधली ताई बोलतेय. सुनेला सांगितलं तर म्हणते, आई, ती शिकतेय. मलाही दुपारी पाठ टेकता येते, खोटं कशाला बोलू? पण मग माझी घरात गरज काय?"

काकू,

"तू गप्प बस" हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. किती लागलं असेल ते कळतं. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. त्या ॲपला तुमची गरज आहे. तुम्ही शेजारी नसाल तर त्यातलं बरंचसं शिकणं वाया जाऊ शकतं.

या वयाच्या मुलाला पडद्यावर शिकलेलं प्रत्यक्षात वापरणं बऱ्याचदा जमत नाही. पडद्यावर तीन द्राक्षांना बोट लावलं की टाळ्या वाजतात, पण ताटलीतली तीन द्राक्षं मोजायला सांगा, पोर गोंधळू शकतं. मधला पूल माणसाने बांधायचा असतो. "हे बघ, तुझ्या टॅबमध्ये होती तशीच. एक तू खा. आता किती उरली?" एवढं विचारणारं कुणी हवं. भाषेचंही तसंच. टॅबमधली ताई बोलते, पण नात काय म्हणाली ते तिला ऐकू येत नाही. तुम्हाला येतं. नात "चिऊचं घल" म्हणाली की तुम्ही "हो गं, मेणाचं घर" म्हणता, त्यातूनच तिचं बोलणं घडतं.

सूनबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. काही ॲप्स खरंच चांगली असतात. पण तीन तास फार होतात, इथे मी तुमच्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तितकं बरं. उलट धावणं-खेळणं मात्र दिवसभरात मिळून तीन तास हवं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन ते पाच वर्षांसाठी तासाचीच मर्यादा सांगते.

पहिल्यांदा जेवतानाचा टॅब बंद करा. पोट भरलं की नाही याकडे तिचं लक्षच राहत नाही, घास नुसता आत जातो. चार दिवस कमी जेवेल. जेवू दे.

टॅब कधी थांबणार हे सुरू करण्याआधी ठरवा. "दोन खेळ झाले की तूच बंद करायचास." मधेच हिसकावलात तर लोळण येणारच, हातातलं काम अर्धवट सोडायला तुम्हाला तरी आवडेल का? एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, ते मुलाकडून सेटिंगमध्ये बंद करून घ्या. ॲपमध्ये खरेदीचं बटण असेल तर त्याला पासवर्डही लावायला सांगा. आणि 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत, त्या काढून द्यायला सांगा. टॅब तुमच्या मांडीवर, नात कुशीत, वाचणार तुम्ही. मग गप्प कोण बसवेल तुम्हाला?

दुपारच्या पाठ टेकण्याचं मनाला लावून घेऊ नका. दिवसभर लहान मूल सांभाळणाऱ्या बाईला अर्धा तास हवाच. तासातला अर्धा तास त्यासाठी ठेवा, उरलेला शेजारी बसून.

सुनेशी बोलताना "तुझा टॅब" असा शब्द नको. रविवारी ती निवांत असेल तेव्हा म्हणा, "मला ते ॲप शिकव गं, मी तिच्याबरोबर बसणार आहे." तासाचा विषय त्यानंतर काढा. ती दिवसभर लेकीपासून लांब असते. लेक मागे पडू नये म्हणून तिने तो टॅब आणलाय.