वाचक विचारतात : वळ कुठला, चटका कसला आणि कळवायचं कुणाला?

मुलांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची चार पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं आणि गावं मुलांच्या सुरक्षिततेसाठी वगळली आहेत.

आमच्याकडे लहान मुलं रोज काही ना काही लागलेलं घेऊनच येतात. पडझड कोणती आणि मारहाण कोणती, हे ओळखायचं कसं? – अंगणवाडी पर्यवेक्षिका

आधी जागा पाहा. धावतं मूल पुढे पडतं, म्हणून गुडघे, नडग्या, कोपरं, कपाळ आणि हनुवटी इथं लागतं. कान, कानामागचा भाग, मान, पोट, पाठ, ढुंगण, मांडीची आतली बाजू या जागा पडताना सहसा वाचतात. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ दिसला, तर तो तपासलाच पाहिजे. चार महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर तर कुठलाही वळ गंभीर समजा. जे बाळ अजून पालथंही पडत नाही, त्याला स्वतःहून लागेल कसं?

मग आकार पाहा. दोन समांतर लाल रेघा आणि मधली कातडी मोकळी, हा काठीचा किंवा वायरीचा वळ. दुमडलेल्या वायरीचा वळ फासासारखा वळलेला दिसतो. अंगावर चहा सांडला तर वरून खाली ओघळ येतात, आजूबाजूला शिंतोडे असतात. मुलाचे पाय गरम पाण्यात धरून बुडवले असतील, तर मोजे घातल्यासारखी सरळ कड दिसते, दोन्ही पायांवर सारखी आणि शिंतोड्यांशिवाय. वळाच्या रंगावरून ‘हा तीन दिवसांपूर्वीचा’ असं मात्र लिहू नका. रंगावरून वय डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही आणि कोर्टात तेवढ्यावरून पूर्ण नोंद संशयात येते.

दोन ठिकाणी फसगत होते. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर-करडे डाग असतात. वळ दोन आठवड्यांत रंग बदलून जातो, हे डाग तसेच राहतात. दुसरी गोष्ट मेळघाटातल्या ‘डंब्या’ची. पोट फुगलं म्हणून बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके दिले जातात. आईबापांच्या मनात द्वेष नसतो, ते बाळ वाचवायलाच धडपडत असतात. तरी ती इजाच आहे. बाळाला लगेच दवाखान्यात न्या आणि कळवा. घरच्यांशी बोलताना तेवढं त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

शेवटी हकिगत जुळते का ते बघा. आई एक सांगते, आजी दुसरं. दवाखान्यात दोन दिवस उशिरा आणलं. दोन महिन्यांचं बाळ म्हणे ‘स्वतःच खाटेवरून घसरलं’. प्रत्येकाचं म्हणणं ज्याच्या त्याच्या शब्दांत वेगवेगळं लिहून ठेवा.

आठ वर्षांच्या मुलीने मला काही सांगायला सुरुवात केली आणि म्हणाली, ‘ताई, कुणाला सांगू नका.’ काय उत्तर द्यावं? – शालेय समुपदेशक

‘सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते मोडावं लागेल आणि मुलीचा मोठ्यांवरचा उरलासुरला विश्वासही जाईल. म्हणा, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. तुला जपण्यासाठी मला एकदोन माणसांना सांगावं लागेल, कुणाला ते आधी तुला सांगेन.’

मग कमीत कमी विचारा. ‘पुढे काय झालं?’, ‘तेव्हा कोण होतं?’ एवढं पुरे. ‘काकांनीच हात लावला ना?’ हा प्रश्न उत्तर मुलीच्या तोंडात घालतो. बचाव पक्षाचा वकील पुढे नेमका तोच धागा धरतो. तिला वर्गशिक्षिका, मुख्याध्यापिका, संस्थाचालक अशा चौघांपुढे पुन्हा पुन्हा बोलायला लावू नका. तपास पोलिसांचा, तपासणी डॉक्टरांची. आपलं काम ऐकणं, टिपणं आणि कळवणं.

टिपताना तिचेच शब्द ठेवा. ती ‘शूची जागा’ म्हणाली तर ‘शूची जागा’च लिहा, ‘गुप्तांग’ नको. तारीख, वेळ, ठिकाण, तुमचा प्रश्न आणि तिचं उत्तर वेगवेगळ्या ओळींवर लिहा, खाली सही करा. कागद कुलपात राहू दे. फोटो व्हॉट्सअॅप गटावर टाकणं, अगदी ‘फक्त स्टाफ’च्या गटावरही, म्हणजे मुलीची ओळख फोडणं. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, अंगावरचे कपडे धुऊ नका. पहिले तीनचार दिवस पुराव्यासाठी मोलाचे असतात. लगेच उपचार हवे असतील तर एफआयआरची वाट पाहू नका. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाला अशा मुलावर मोफत उपचार करणं बंधनकारक आहे.

आई हात जोडते, ‘तक्रार नको, घर मोडेल.’ संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, आधी आतल्या आत चौकशी करू. मी काय करावं? – संस्थेतील कार्यकर्ता

कळवा, आजच. पॉक्सो कायदा, २०१२ हा मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा कायदा. अशी घटना कळली तर ती कळवायलाच हवी, हे सांगणारं त्याचं कलम १९ प्रत्येक व्यक्तीला लागू आहे. त्यात पालकांची परवानगी लागत नाही, अध्यक्षांची तर नाहीच. माहिती असूनही न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडपला, तर शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या शालेय वसतिगृहाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने न कळवण्याबद्दलची कारवाई रद्द केली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे, पुढे आरोप सिद्ध झाला नाही तरीही.

नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करून थांबणं. मदतीसाठी तो फोन जरूर करा, पण पॉक्सोची खबर विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा पोलीस ठाण्यात पोहोचलीच पाहिजे. ‘घटना आमच्या हद्दीतली नाही’ हे कारण चालत नाही. नोंदीचा क्रमांक मागून घ्या. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या काळजीचे आणि संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीला, कळवायचं असतं. दुसऱ्या दिवशी समितीकडे स्वतः चौकशी करा आणि मुलीसाठी सहायक व्यक्ती, म्हणजे तपास आणि खटल्यात तिच्या सोबत राहणारं माणूस, मागा. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाविना घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

आईला दटावू नका. तिची भीती खरी आहे. उद्या चूल कशी पेटेल, हा तिचा प्रश्न असतो. पोटाचं आणि निवाऱ्याचं काय, हे तक्रारीच्या दिवशीच जिल्हा बाल संरक्षण कक्षासमोर मांडा, नाहीतर महिन्याभरात जबाब फिरतो.

ऊसतोडीला गेलेले आईबाप बाळ फडाच्या कडेला झोळीत ठेवतात. हे दुर्लक्ष धरायचं का? – बीडमधील कार्यकर्ती

आपल्याला विचारायचं ते हे : त्यांना जमत असूनही ते करत नाहीत, की जमतच नाही? मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडणाऱ्या जोडप्याजवळ दुसरा पर्याय नसेल, तर तिथं पोलीस नकोत. पाळण्याची सोय, हंगामी वसतिगृह, फडाजवळच्या अंगणवाडीत नाव, हे हवं. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ सुद्धा मूल टाकून देण्याच्या बाबतीत आईबापांची हतबलता लक्षात घेतं. पण सहा महिन्यांवरच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला (ही तीव्र कुपोषणाची खूण), आणि पोषण पुनर्वसन केंद्रात भरलेलं वजन घरी गेल्यावर दोनदा उतरलं, तर थांबू नका. वजनाच्या तक्त्याची प्रत जोडून बाल कल्याण समितीला लेखी कळवा. दारू, मारहाण किंवा सोय असूनही उपचाराला नकार असेल तर तेही तारखेसह लिहा. ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकीत मुलाचं नाव घेऊन चर्चा करू नका. तिथं भावकीचेच लोक बसलेले असतात आणि बातमी संध्याकाळच्या आत त्या घरी पोहोचते.