टायटॅनियमच्या फ्राइंग पॅनचं सीझनिंग कसं करायचं? आणि निळे डाग कसे घालवायचे?

सीझनिंग, म्हणजे तेलाचे थर तापवून भांड्यावर मुरवणं, करू नका. पॅन निव्वळ टायटॅनियमचं असेल तर गरज नाही, आणि नुसतं नाव टायटॅनियमचं आणि आत नॉनस्टिक असेल तर सीझनिंगने ते बिघडतं. पहिल्या वापराआधी तेलाचे किती थर द्यायचे आणि दर किती दिवसांनी पुन्हा द्यायचे, असं तुम्ही विचारलंय. नेमक्या याच गोष्टीवरून माझ्या आणि माझ्या मोठ्या भावाच्या बोलण्यात दीड वर्ष कडवटपणा होता, म्हणून सविस्तर लिहिते.

दादाला बिडाच्या भांड्यांतलं खरंच कळतं. त्याचा तवा काळाभोर आणि तुकतुकीत आहे, अंडं फोडून टाकलं की घसरत कडेला येतं. पंधरा वर्षं तो एकच तवा वापरतोय. मलाही तसाच तवा आवडला असता, पण उजव्या मनगटाचं ऑपरेशन झाल्यापासून जड भांडं माझ्याने उचलवत नाही. टायटॅनियमची घनता घनसेंटिमीटरला ४.५ ग्रॅम, लोखंडाची ७.९. त्यात टायटॅनियमचा पत्राही पातळ असतो. म्हणून मी निव्वळ टायटॅनियमचं पॅन घेतलं. एका हाताने उचलून ताटात रिकामं करता येतं, एवढंच मला हवं होतं.

दादा चार दिवस राहायला आला आणि पहिल्याच सकाळी माझं ऑम्लेट मधोमध चिकटलेलं त्याने पाहिलं. ‘अगं, हे मुरवलंच नाहीस तू!’ असं म्हणून त्याने पॅन ताब्यात घेतलं. जवसाचं तेल आणलं. फडक्याने तेल लावायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढायचं, ओव्हनमध्ये २३० अंशांवर तासभर पालथं ठेवायचं, गार करायचं, पुन्हा तेच. दोन संध्याकाळी मिळून सहा थर दिले. त्याची पद्धत बिनचूक होती. पॅनला मधासारखा तांबूस रंग आला होता आणि मला ते फार सुंदर वाटलं.

नवव्या दिवशी माझ्या मुलीने अंड्याचा घास तोंडातून काढून हातावर घेतला. त्यात काळपट पापुद्रे होते. पॅनच्या मध्यभागी, बरोबर ज्योतीच्या वर, हाताच्या तळव्याएवढा थर सुटला होता. मी दादाला फोन केला. त्याने एकच विचारलं, ‘साबण लावलास ना?’ लावला होता. ‘मग झालं तर.’ पुढे एका कार्यक्रमात सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, ‘हिला चांगली वस्तू टिकवता येत नाही.’ ते मला लागलं. मनगट दुखत असताना मी ते पॅन रोज जपून धूत होते.

आता साबणाचं. तेलाचा पातळ थर धुरावण्याच्या बेतापर्यंत तापला की तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने एकमेकांत गुंफले जातात आणि लाखेसारखा कडक थर तयार होतो. त्याला आपण सीझनिंग म्हणतो. तो थर म्हणजे तेलकटपणा नव्हे, त्यामुळे भांडी घासायच्या साध्या लिक्विडने तो निघत नाही. साबण लावू नये हा नियम जुन्या, कॉस्टिक सोडा शिल्लक राहणाऱ्या तीव्र साबणांच्या काळातला आहे. कॉस्टिकने तो थर खरोखर निघतो. आजच्या लिक्विडला तो नियम लावून कुणाला दोष देऊ नये.

मग माझ्या पॅनवरचा थर का सुटला? बिडाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, थर त्यात रुतून बसतो. टायटॅनियमवर हवा लागताक्षणी त्याच्याच ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर धरतो आणि तो इतका स्थिर असतो की फारसं कशाशी जुळवून घेत नाही. शरीरात बसवायचे सांधे आणि स्क्रू टायटॅनियमचे करतात, आंबट पदार्थानेही ते गंजत नाही, ते याच थरामुळे. त्यावर तेलाचा थर नुसता पसरून राहतो, घट्ट धरत नाही. शिवाय टायटॅनियममधून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण दहाव्या हिश्श्यानेच वाहते. ज्योत लागते तिथे पातळ पत्रा फार तापतो आणि चार बोटं पलीकडे तो त्यामानाने बराच गार असतो. मधला थर जळून सुटतो, कडेचा टिकतो. माझ्या पॅनवर अगदी तसंच झालं होतं. साबणाने थर गेला असता तर सगळीकडून गेला असता.

दादाला मी हे सांगितलं तर म्हणाला, जवसाचं तेल चुकलं असेल. म्हणून मी करून पाहिलं. बिडाचा एक लहान तवा घेतला, माझं पॅन सोडा घालून उकळून, घासून मूळ पत्र्यापर्यंत आणलं, आणि दोन्हींवर साधं सूर्यफुलाचं तेल, तोच ओव्हन, तेवढाच वेळ, तीन-तीन थर. पुढचा महिनाभर दोन्ही रोज वापरली आणि रोज एकाच साबणाने, एकाच मऊ स्पंजने धुतली. तिसऱ्या आठवड्यात पॅन मधोमध सोलायला लागलं. तवा जसाच्या तसा, उलट जास्त काळा झाला. दादाने दोन्ही हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, ‘पॅन तू पुरेसं तापवलं नसशील.’ दोन्ही एकाच वेळी एकाच ओव्हनमध्ये होती हे मी त्याला तीनदा सांगितलं.

तर तुमचं पॅन कोणतं आहे ते आधी पाहा. आतून काळं, गुळगुळीत असेल तर बहुधा ते अ‍ॅल्युमिनियमचं भांडं आहे, वर नॉनस्टिकचा लेप, आणि टायटॅनियम फक्त त्या लेपात मिसळलेलं. त्यावर तेल धुरावेपर्यंत तापवलंत तर चिकट पिवळी साय धरते आणि नॉनस्टिकपणा जातो. लेप पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, असेल तर २६० अंशांच्या पुढे तो विघटित व्हायला लागतो. त्याचा धूर पाळीव पक्ष्यांचा जीव घेऊ शकतो. आतून करडं, बुडाला लोहचुंबक चिकटतं आणि हाताला वजन लागतं, तर आत टायटॅनियम, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, बाहेर स्टील असं तीन थरांचं असेल. ते सगळ्यांत सोयीचं. आणि करडं, हलकं, चुंबक न धरणारं असेल तर माझ्यासारखं निव्वळ टायटॅनियम. ते इंडक्शनवर चालणार नाही.

चिकटू नये यासाठी शिकायची ती आच. करड्या पॅनसाठी सांगतेय: मध्यम आचेवर कोरडं पॅन तापवा, पाण्याचा थेंब टाका. थेंब चुरचुरत आटला तर थांबा, मण्यासारखा पळायला लागला की लगेच आच बारीक करा, तेल घाला, तेल चमकून हलायला लागलं की पदार्थ. मासा किंवा मांस असेल तर चिकटलेलं वाटलं तरी उलथणं घालू नका. खालची बाजू खरपूस झाली की ते आपोआप सुटतं. अंड्याला मात्र निव्वळ टायटॅनियमच्या पातळ पॅनवर तेल सढळ लागतं आणि आच सुरुवातीपासून बारीकच हवी, थेंबाच्या परीक्षेइतकं तापवायचंच नाही. मी आता पॅन ज्योतीवर दर अर्ध्या मिनिटाला थोडं सरकवते, त्याने बराच फरक पडला.

निळे डाग म्हणजे घाण नव्हे. पॅन रिकामं फार तापलं, साधारण ४०० अंशांच्या आसपास किंवा पुढे, की तो ऑक्साइडचा थर जाड होतो आणि प्रकाशाच्या खेळामुळे आधी पिवळसर, मग जांभळा, निळा दिसतो. टायटॅनियमच्या दागिन्यांचे रंगही अशाच थराचे असतात. अपाय काही नाही. व्हिनेगरने स्टीलवरचे असे रंग जातात, टायटॅनियमवर सहसा जात नाहीत, उगाच घासत बसू नका. पांढरे डाग असतील तर ते पाण्यातल्या क्षाराचे, त्यांना व्हिनेगर चालतं. करपलं तर पाणी आणि खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, मग लाकडी उलथण्याने खरवडा. तारेची घासणी वापरली तरी पॅन खराब होत नाही, ओरखडे दिसतील इतकंच. नॉनस्टिकला ती कधीच लावू नका. आणि तापलेलं पातळ पॅन गार पाण्याखाली धरू नका, बूड वाकतं.

दोन गोष्टी दादाच्या बाजूनेही सांगायला हव्यात. जवसाच्या तेलाचा थर बिडावरूनही पापुद्रे होऊन सुटतो, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, त्यामुळे पहिल्या वेळी तेलाचाही वाटा असेल. आणि माझी परीक्षा एका पॅनवर झाली. काही पॅनचा टायटॅनियमचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केलेला असतो, त्यावर थर जास्त टिकू शकेल. तुमच्या पॅनसोबतच्या कागदावर तेल लावायला सांगितलं असेल तर तेवढं करा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ धुऊन, तेलाचं बोट फिरवून, पुसून घ्या इतकाच असतो.

पण साबणाने धुवा. रोज धुवा. कुणी साबणावरून बोललं तर त्यांना पॅनची कड दाखवा. माझ्या पॅनवर दांड्याच्या रिव्हेटपाशी दादाने दिलेल्या तेलाची तांबूस रेघ अजून आहे, उकळूनही निघाली नव्हती. दीड वर्षं ती रोज साबणाने धुतली जातेय.