बीपीची गोळी आणि फुगलेल्या हिरड्या

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. वर्षभरापासून बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम घेतात. अलीकडे पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगून दातांवर आल्यात. दुखत नाही, पण भाकरी चावताना रक्त येतं. बरं वाटतं म्हणून त्या मिश्री लावतात. शेजारच्या काकू म्हणतात, गोळीनेच झालंय, बंद करा. करू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : गोळी बंद करू नका. काकूंचा अंदाज बरोबर असू शकतो, सल्ला मात्र धोक्याचा आहे. बीपी वाढून पक्षाघात झाला तर हिरड्यांचं दुखणं कुणाला आठवणारही नाही.

अ‍ॅम्लोडिपिन आणि त्याच गटातल्या निफेडिपिनने काही जणांच्या हिरड्या वाढतात. फिटवरच्या फेनिटॉइननेही हे होतं. सुरुवात बहुधा पुढच्या दातांमधल्या टोकापासून होते, तुम्ही लिहिलंय तशीच. हिरडी आतून जाड होते, म्हणून दुखत नाही. रक्त येतं ते दातांवर साचलेल्या थरामुळे. फुगलेल्या हिरडीखाली ब्रश पोचत नाही, थर वाढतो, मग हिरडी आणखी फुगते.

म्हणून आधी दंतवैद्याकडे जा आणि सासूबाईंच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पेशंट ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढंच सांगतात, त्यावरून आम्हाला काही कळत नाही. रक्ताच्या काही आजारांतही हिरड्या अशा फुगतात, तेव्हा तपासल्याशिवाय दोष गोळीवर टाकू नका. दात नीट साफ करून घेतल्यावर बऱ्याच जणांची सूज उतरते. तेवढ्याने भागलं नाही तर बीपीच्या डॉक्टरांना दुसऱ्या गटातली गोळी देता येईल का ते विचारा. ते ठरवणं त्यांचंच काम. गोळी बदलल्यावर हिरडी ओसरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. उरलेला भाग छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतो.

मिश्री मात्र आजच बंद. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडी बधिर होते म्हणून बरं वाटतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढत राहतो. सासूबाईंना हे रागावून नको, शेजारी बसून सांगा. वर्षानुवर्षांची सवय सुटताना त्रास होतो, त्यांना तुमची सोबत लागेल.

आणखी एक. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी चालू असेल, तर दात काढायच्या आधी दंतवैद्याला नक्की सांगा. क्वचित अशा पेशंटच्या जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडं पडतं.