बेळगाव भागात घराण्याचा शोध घेताय? मग जनगणनेच्या मागे लागू नका

जनगणनेत आजोबांचं नाव सापडेल या आशेवर राहू नका. १९४८ च्या कायद्याने घरोघरच्या नोंदी गोपनीय आहेत. मिळतात ते फक्त गावाचे आकडे. जुनी लग्नंही सरकारदरबारी क्वचितच नोंदलेली असतात.

सुरुवात घरातून करा. देव्हाऱ्यामागच्या लग्नपत्रिका, जन्मपत्रिकांची गुंडाळी काढा. पत्रिकेवर शके असतो, त्यात ७८ मिळवा म्हणजे इसवी सन निघतो. पण लग्न माघ-फाल्गुनातलं असेल तर ७९. इथेच बहुतेकांचं एक वर्ष चुकतं आणि पुढची सगळी नोंद भलत्याच वर्षी शोधली जाते.

मग तहसीलदार कचेरीत जन्म-मृत्यूची नोंदवही आणि जमिनीच्या वारसाच्या नोंदी मागा. वारसाची नोंद सोन्यासारखी: मयताची सगळी मुलं, विधवा बायको एका जागी सापडतात. जुने कागद मोडी लिपीत असतात, तेव्हा वाचणारा माणूस आधी गाठा. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. त्यानंतरचे कागद बरेचसे कानडीत, त्यामुळे आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडेल; जमिनीचा सर्व्हे नंबर आणि बापाचं नाव जुळतंय का, ते पाहा. चंदगड तालुका मात्र तेव्हा मुंबई राज्यातच राहिला आणि पुढे महाराष्ट्रात आला, म्हणून तिकडच्या सोयरिकीचा माग कोल्हापूर जिल्ह्यात काढा.

आणि हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी जपणारे फिरते लोक, गावात आले तर त्यांना हातचे जाऊ देऊ नका. पिढ्यांची नावं त्यांच्याकडे असतात. ती जशी सांगतील तशी उतरवा, कागदाशी ताडून मगच पक्की धरा.