जिम्नॅस्ट घडतात कुठे?

प्रश्न : चीनमध्ये जिम्नॅस्ट सरकारी क्रीडाशाळेतून येतात, अमेरिकेत फी भरून चालणाऱ्या क्लबांतून. पदकं दोन्हीकडे येतात. मग पद्धतीनं फरक काय पडतो?

उत्तर : निवड कोण करतं आणि चूक कोणाच्या नजरेस पडते, यात फरक पडतो. चीनमध्ये मूल क्रीडाशाळेतून प्रांताच्या संघात आणि तिथून राष्ट्रीय संघात जातं. खर्च सरकारचा, पण दर चार वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत प्रांताची अब्रू पणाला लागलेली असते. निकालाची घाई त्यामुळे खालपासूनच सुरू होते. सिडनी ऑलिंपिक २००० मधलं चीनच्या महिला संघाचं कांस्यपदक २०१० मध्ये काढून घेतलं गेलं, कारण संघातल्या दोंग फांगशियाओचं वय नियमापेक्षा कमी निघालं. वयाची खोटी नोंद या घाईपासून वेगळी काढता येत नाही.

अमेरिकेत मुलगी लेव्हल १ ते १० अशा पायऱ्या चढत जाते. ५ पर्यंत सगळ्यांना कसरतींची एकच ठरावीक रचना, ६ ते १० मध्ये स्वतःची, आणि एलिट त्याच्याही वर. ठरावीक रचनेमुळे प्रत्येकीचा हँडस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं) एकाच मापानं तपासला जातो. पण क्लबचा प्रशिक्षक कच्चा असला तर खांद्यातला बाक वर्षानुवर्षं तसाच मुरतो. त्यावर उपाय म्हणून बेला आणि मार्था करोली या प्रशिक्षक दांपत्याच्या टेक्सासमधल्या करोली रँचवर राष्ट्रीय शिबिरं भरू लागली. मुलगी स्वतःच्या प्रशिक्षकासह यायची, ताकदीची चाचणी द्यायची, रचना दाखवायची आणि परत जायची. प्रशिक्षकही शिकून जायचे. खेळापुरतं बोलायचं तर ही हुशारीची व्यवस्था होती. पण पालकांना तिथं मज्जाव होता, आणि संघाचा डॉक्टर लॅरी नासर यानं तिथंही मुलींचं लैंगिक शोषण केलं. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघटनेनं रँचशी संबंध तोडले.

प्रश्न : रुमानिया एवढा का घसरला?

उत्तर : १९७६ ते २०१२ या काळात एकही ऑलिंपिक त्यांच्या महिला संघाच्या पदकाविना गेलं नाही, २०१६ ला संघ पात्रही ठरला नाही. देवा या शहरातल्या केंद्रासारख्या मोजक्या केंद्रांवर सगळी मदार होती. प्रशिक्षक परदेशी गेले, खालून येणाऱ्या मुली आटल्या, की अशा यंत्रणेत दुसरा हात उरत नाही. त्यात अनइव्हन बार्स (एक उंच, एक खाली अशा दोन दांड्यांवरची कसरत) ही त्यांची जुनी दुखरी बाजू. २००६ पासून काठिण्यगुणांना, म्हणजे कसरत किती अवघड यासाठी मिळणाऱ्या गुणांना, कमाल मर्यादा राहिली नाही, आणि सोपी बार-रचना घेऊन उतरणारा संघ सुरुवातीलाच मागे पडू लागला. पॅरिस २०२४ मध्ये मात्र त्यांचा संघ परतला.

प्रश्न : उंची वाढली की आधी जमणाऱ्या उड्याही बिघडतात. कोणत्या पद्धतीत हे नीट सांभाळलं जातं?

उत्तर : पद्धतीपेक्षा प्रशिक्षकाच्या धीरावर ते अवलंबून आहे. हातपाय लांबले की तेवढ्याच जोरात अंग सावकाश फिरतं, बारवर हात सोडण्याची वेळ चुकते, झोक्यात पाय खालच्या बारला घासतात. आधी दोन बारांमधलं अंतर वाढवा. मग नवं काठिण्य थांबवून स्विंग आणि हँडस्टँडवर परत या, आणि जुन्या उड्या फोमच्या खड्ड्यात नव्यानं बसवा. मनगट दुखत असेल तर व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) आणि टंबलिंग (जमिनीवरच्या कोलांट्या) बंद. या वयात मनगटाजवळ हाडाचा वाढणारा भाग अजून मऊ असतो आणि हातांवर येणारे धक्के थेट तिथं बसतात. पट्टी बांधून सराव चालू ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि स्पर्धा तोंडावर असताना ती हमखास होते.