शाळेने पोरीचं नाव एन्झायटीच्या ग्रुपमध्ये घातलंय, सही करू का?

भांडुपहून एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. मुलगी सातवीत. गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हापासून रोज सकाळी पोटात दुखतं, कधीकधी उलटी, आणि रविवारी एकदम ठणठणीत. सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा बुडतेच. शाळेत काउन्सेलरने मुलांकडून एक फॉर्म भरून घेतला आणि आता काही मुलांचा एन्झायटीचा, म्हणजे सततच्या भीती-काळजीवरचा, ग्रुप करतायत, दर बुधवारी एक तास, आठ आठवडे, त्याचं संमतिपत्र घरी आलंय. सासूबाई म्हणतात पोरीवर शिक्का बसेल, नवरा म्हणतो आमच्या वेळी कुठे होती ही थेरं. "ताई, सही करू की नको?"

अगं, ताई म्हटलंस म्हणून अगंतुगंच करते. सही कर.

पण आधी एक, तिचं पोट खरंच दुखतं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे नाटक करते असं घरात कोणी म्हणत असेल तर ते आजपासून बंद. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, छाती धडधडते, पचन मंदावतं, मळमळतं, आणि बारा वर्षांच्या पोरीला हे सगळं शब्दांत सांगता येत नाही म्हणून ती पोट दुखतंय म्हणते.

आता तू लिहिलेली ती सकाळ बघ. युनिफॉर्म घातलाय, एका पायात बूट, खाली रिक्षावाले काका हॉर्न देतायत आणि ही बेसिनपाशी वाकलीये, तुझा जीव तुटतो, तू म्हणतेस राहू दे आज. पंधरा मिनिटांत दुखणं गायब आणि दहा वाजता ती पोहे खातेय. कुठलीही आई हेच करेल गं, पण तिच्या मनाने त्यातून काय घेतलं, की शाळा टळली म्हणून मी वाचले, आणि दुसऱ्या दिवशी भीती अजून मोठी होऊन येते. एन्झायटी टाळण्यावर पोसते, हे या विषयात काम करणारे सगळेच सांगतात.

ग्रुपमध्ये नेमकं याच्याच उलटं शिकवतात. अमेरिकेत फिलिप केंडल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी 'कोपिंग कॅट' नावाचा कार्यक्रम तयार केला, त्याच्या आधारावर ऑस्ट्रेलियात पॉला बॅरेट यांनी 'फ्रेंड्स' केला, तो बऱ्याच देशांत शाळांमध्ये चालवतात. मूळ सीबीटीचं, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचं. शरीरातली खूण ओळखायची, डोक्यातला विचार पकडायचा ("मॅडमनी उभं केलं आणि चुकलं तर सगळे हसतील"), आणि मग ज्याची भीती वाटते त्याच्याकडे छोट्या पायऱ्यांनी जायचं. आधी शेजारच्या मुलीला धडा वाचून दाखव, मग चौघींना, मग वर्गात एक ओळ. या पायऱ्याच सगळ्यात महत्त्वाच्या, नुसतं डोळे मिटून श्वास घ्या एवढंच असेल तर मला त्यात दम वाटत नाही. ब्रिटनमध्ये ८ हजारांहून जास्त मुलांवर माइंडफुलनेसचा, म्हणजे श्वासाकडे आणि आत्ताच्या क्षणाकडे लक्ष द्यायच्या सरावाचा, मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये निकाल आले, अख्ख्या वर्गाला सरसकट शिकवून नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही.

म्हणून सही करायच्या आधी काउन्सेलरला भेट आणि विचार, घेणार कोण आहे? आपल्याकडे बिहारमध्ये ७४ शाळांत एक अभ्यास झाला होता, एन्झायटीपुरता नव्हे, शाळेचं वातावरण, दादागिरी, उदासी असं सगळं धरून. त्यात त्याच कामासाठी ट्रेनिंग देऊन नेमलेल्या माणसांनी चालवलं तिथे चांगला फरक पडला, शिक्षकांवर जास्तीचं काम म्हणून टाकलं तिथे जवळपास काहीच नाही. आईवडिलांना बोलावणार का तेही विचार, कारण शाळेत पायऱ्या चढायच्या आणि घरी आईने सुट्टी द्यायची असं झालं तर आठ बुधवार फुकट. आणि पीटीच्या तासाला नेऊ नका असं स्पष्ट सांग, तिचा आवडता तास गेला तर ती वैतागेल आणि बाकीची पोरं चिडवतील ते वेगळंच.

सासूबाईंना सांग, शाळेच्या दाखल्यावर असला कुठलाही रकाना नसतो, आणि तो फॉर्म म्हणजे आजाराचं निदान नाही. नवऱ्याला सांग, त्याच्या वेळीही ही मुलं होतीच, त्यांना भित्री म्हणायचे, काहींची शाळा सुटली आणि कारण कोणी विचारलं नाही. मनाच्या आजारांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, म्हणजे सातवी ही घाई नाहीच. २०२५ मध्ये तर सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित काउन्सेलर हवा.

आठ आठवड्यांनी सगळं जाईल असं मी म्हणणार नाही. शाळा पूर्णच बंद पडली, झोप-जेवण उडालं, तर ग्रुपवर थांबू नकोस, केईएम, नायर किंवा सायनच्या मानसोपचार ओपीडीत ने. मरणाची किंवा स्वतःला इजा करायची भाषा आली तर त्याच दिवशी ने, एकटं सोडू नकोस. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि संमतिपत्र तिच्या पाठीमागे भरू नकोस. माझंच नाव का, असं ती विचारेलच. तेव्हा "काही नाही गं, असंच" म्हणू नकोस, सरळ सांग की तू शाळेतल्या त्या फॉर्मवर लिहिलंस की सकाळी भीती वाटते, आणि मॅडमनी ते वाचलं. पहिल्या बुधवारी पोट दुखणारच, ते धरूनच चाल, काउन्सेलरला आदल्या दिवशी फोन करून ठेव की हिला गेटपाशी घ्यायला या.