जपानी शाळेत ‘तुमचा चेहरा किती लहान!’ म्हणतात, त्यावर काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून जपानमधल्या माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या सहायक शिक्षिका म्हणून गेल्यापासून मुलं आणि स्टाफरूममधली मंडळीही ‘चेहरा लहान आहे’, ‘नाक उंच आहे’ असं म्हणतात. हे कौतुक की टिंगल?

कौतुकच आहे, अगदी मनापासूनचं. आपण ‘नाकीडोळी नीटस’ म्हणतो तेव्हा जसं काहीतरी माप डोक्यात असतं तसंच तिथेही असतं, फक्त मोजतात वेगळं. चेहरा उंचीच्या हिशेबात बघतात. टाळूपासून हनुवटीपर्यंतचं अंतर उंचीत ८ वेळा बसलं की तो आदर्श बांधा, ‘हात्तोशिन’. म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीला २० सेंटिमीटर. प्रत्यक्षात असं प्रमाण फार थोड्यांचं असतं, म्हणून लहान चेहऱ्याचं, ‘कोगाओ’चं, एवढं अप्रूप. ग्रुप फोटोत मुली हळूच मागे सरकतात त्याही याचसाठी, कारण कॅमेऱ्याजवळचा चेहरा मोठा दिसतो.

नाक उंच म्हणजे दोन डोळ्यांच्या मधून नाकाचा दांडा ठळक वर आलेला. तोऱ्याशी त्याचा संबंध नाही. (एखादं मूल स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवत असेल तर मात्र ते ‘मी?’ असं विचारतंय.) वरच्या पापणीवरच्या घडीचंही कौतुक होईल, तिला ‘फुताए’ म्हणतात. आपल्याकडे ती बहुतेकांना असते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. तिथे अनेकांना नसते, आणि ती पाडायला दुकानात खास टेप आणि गोंद मिळतो. त्यामुळे ‘खरी आहे का?’ हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. ‘हो, जन्मापासूनच’ एवढं पुरे.

उत्तर छोटं ठेवा. मुलांना हसून ‘अरिगातो!’ म्हणा. सहकारी, मुख्याध्यापक किंवा पालक असतील तर ‘इए इए, अरिगातो गोझाइमास’, म्हणजे आधी थोडा नकार आणि लगेच आभार. पुस्तकात शिकलेलं नुसतं ‘नाही नाही’ दोन-तीनदा म्हटलंत तर समोरच्याला तेच कौतुक पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि दोघंही अवघडतात. आभार मानले की विषय संपतो.

काजळाबद्दल मुली हमखास विचारतील. सांगा जरूर, पण लावून देऊ नका, डबीही भेट देऊ नका. बऱ्याच माध्यमिक शाळांच्या नियमांत मुलांना मेकअप, केस रंगवणं, कान टोचणं यांना मनाई असते. बोलणी त्या मुलीला खावी लागतील. तुमची नाकातली चमकी चालेल का, हेही आधीच विचारून घ्या.

रंगाचा विषय नाजूक आहे. गोरेपणाचं वेड तिथेही जुनं आहे. गोरा रंग सात दोष झाकतो, अशी म्हणच आहे. उन्हाळ्यात छत्र्या आणि कोपरापर्यंतचे हातमोजे दिसतील. कुणी तुमच्या रंगाबद्दल बोललं तर ‘मी काळीच आहे हो’ असं स्वतःला कमी लेखून हसू नका. वर्गात परदेशी आई किंवा वडील असलेली मुलं असू शकतात, ती ऐकत असतात. ‘माझ्या घरी सगळे असेच आहेत’ असं सरळ म्हणावं आणि धड्याकडे वळावं.

परतफेड करायची तर शरीराची करू नका. ‘वाळलीस गं’, ‘तब्येत सुधारली’ ही आपली मायेची वाक्यं तिथे थेट लागतात, विशेषतः तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना. अक्षराचं कौतुक करा (‘जी गा किरेइ देस ने’), कंपासपेटीचं करा, पाठांतराचं करा. मेहनतीचं किंवा आवडीने निवडलेल्या वस्तूचं कौतुक त्यांना फार आवडतं.

मोठ्या माणसाचं बोलणं चेहऱ्यावरून अंगाकडे वळलं तर ते कौतुक समजून सोसू नका. ‘सेकुहारा’ म्हणजे लैंगिक छळ, हा शब्द तिथे सगळ्यांना कळतो. तारीख, जागा आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. आधी तुमच्यासोबत शिकवणाऱ्या जपानी शिक्षकांना सांगा. त्यांच्याकडून काही झालं नाही, किंवा तेच बोलणारे असतील, तर तुम्हाला नेमणाऱ्या कंपनीच्या समन्वयकाला किंवा थेट स्थानिक शिक्षण मंडळाला लेखी कळवा.